काळ्या खडकाचं कासव

समुद्रकाठच्या आंकिलीफोटी गावची माणसं तशी खोटारडी नव्हती. वाहून आलेलं जाळं कुणाला सापडलं, तर तो न विचारता ते धन्याच्या दारात आणून टाकायचा. पण मासा कुठं लागला असं विचारलं, की गावातला सज्जनांतला सज्जन माणूसही डोळ्याचं पातं न लववता थाप मारायचा. उत्तरेला गेलेला दक्षिण सांगायचा, आणि खोल पाण्यातून आलेला उथळ. याला कुणी पाप समजत नव्हतं. आपली जागा बायकोलासुद्धा कळू द्यायची नाही, हे बाप पोराला वल्हं धरायला शिकवतानाच शिकवायचा.

वोलासोआ हे ओळखून होती, कारण गेली सहा वर्षं गावात उतरणारा प्रत्येक मासा तिच्या हाताखालून जात होता. समुद्रात काय वाढतंय नि काय संपत चाललंय, याची मोजदाद ठेवणाऱ्या शहरातल्या लोकांनी तिला एक लटकता काटा, कापडी फीत आणि रेघांच्या वह्या दिल्या होत्या. होडी वाळूला लागली की ती पुढं. ऑक्टोपस काट्याला अडकवायचा, मासा फितीवर सरळ करायचा, आणि वजन, लांबी, जागा वहीत उतरवायची. वजनाला काटा होता, लांबीला फीत होती. जागेला मात्र सांगणाऱ्याची जीभ तेवढी होती. कानावर येईल ते ती निमूट लिहून घ्यायची. उगाच कुणाला चारचौघांत उघडं पाडून आपल्याला काय मिळणार, असं ती म्हणायची.

कासवांचं पान वेगळं होतं. कासव मारायला सरकारची बंदी. पण बंदी कालची आणि कासव बापजाद्यांचं. गावानं वोलासोआशी बोली केली होती, की त्या पानावर मारणाऱ्याचं नाव कधी चढायचं नाही. सहा वर्षांत तिनं ती मोडली नव्हती. म्हणून तर लोक तिला आपण होऊन हाक मारत, ‘मावशी, फीत आणा.’

त्या वर्षी दक्षिणेचा वारा लांबला. महिना उलटला तरी दुपार झाली की तो सुटायचाच, आणि वाळू भांड्यात, केसांत, तान्ह्या पोरांच्या नाकात जायची. होड्या किनाऱ्यावर बाजूच्या, तोल धरणाऱ्या उलांड्या वर करून पडल्या होत्या. घरोघर कसाव्याचे उकडलेले कंद, तेही दिवसातून एकदाच. बायका ओहोटीला खडकांवर जात आणि टोपलीच्या तळाशी दोन-चार शिंपले घेऊन परतत. वोलासोआचा नवरा उत्तरेच्या बेटांवर समुद्रकाकड्या, म्हणजे तळाशी रांगणारे मऊ जीव, धरायला गेलेला, त्याचाही पत्ता नव्हता. पोटात काही नसलं की माणसं एकमेकांवर खेकसतात, तशी ती खेकसू लागली होती.

अशा एका दुपारी तिचा जावई तोवोन्द्रे कासव घेऊन आला.

सकाळचा वारा जरा पडलेला बघून तो एकटाच होडी ढकलून गेला होता. लग्नाला तीन वर्षं झाली, पण त्याच्या भाल्याला अजून कासव लागलं नव्हतं. त्याचा बाप नावाजलेला शिकारी. घरापुढच्या लाकडी मांडवावर बापानं मारलेल्या कासवांची डोकी ओळीनं मांडलेली, आणि त्याखालून पोराला रोज जा-ये करावी लागायची. भाला बापाचा आहे की आईच्या चुलीतला, असं मित्र विचारायचे. आता अख्खं गाव पाण्यात उतरून त्याची होडी ओढत होतं, आणि तो ओठ दाबून हसू आवरत होता.

वोलासोआ फीत घेऊन गेली. चोचीचं कासव होतं, पाठीवर कौलांसारख्या एकावर एक चढलेल्या पाट्या. तिनं मानेपासून शेपटीपर्यंत फीत धरली, आकडा लिहिला आणि नेहमीसारखं विचारलं, “जागा?”

“मोठी खडप,” तोवोन्द्रे म्हणाला.

मोठी खडप, म्हणजे पाण्यातल्या खडकांची रांग, गावाच्या दक्षिणेला. तिथून येणारी होडी या वाऱ्यात शीड फुगवून येते, वल्ह्याला हात लावावा लागत नाही. तोवोन्द्रेचं शीड मात्र गुंडाळलेलं होतं, होडीत घोटाभर पाणी होतं आणि त्याचे तळहात सोलवटले होते. हा वाऱ्याच्या तोंडावर वल्हवत आलाय, हे आंधळ्यालाही कळलं असतं. तो उत्तरेहून आला होता. उत्तरेला कासवं लागतात ती काळ्या खडकाशी, आणि काळा खडक आंद्रानोलावा गावाच्या वहिवाटीचा.

तिनं त्याच्या हातांकडं बघितलं. त्यानं हात पाठीमागं घेतले. जावयाची पहिली शिकार. त्यात आपण मिठाचा खडा का टाकावा? तिनं ‘मोठी खडप’ असं लिहिलं आणि वही मिटली.

कासव रिवाजाप्रमाणे कापलं गेलं. रक्त वाळूवर सांडू दिलं नाही, मांस समुद्राच्याच पाण्यात शिजवलं, वर मीठ घातलं नाही. वाटे झाले. कासवाचा वाटा कुणी नाकारत नाही. नाकारला तर मारणाऱ्याचा भाला आंधळा होतो. गावात एकटी हाओवा काय ती वगळली. ती आतल्या मक्याच्या मुलखातली, तिच्या कुळाला कासव वर्ज्य. बाकी सगळ्यांनी महिन्याभरानं बोटं चाटून खाल्लं. वोलासोआच्या लेकीला, फ्लोरेतला, सासूनं स्वतः दोनदा वाढलं. चार महिन्यांचा मुलगा अंगावर पिणारा. पाजणारीनं जास्त खावं.

सकाळी उठली तेव्हा वोलासोआच्या जिभेला चुणचुण लागली होती. कच्चा कसावा खाल्ल्यावर लागते तशी. तिनं चूळ भरली, पुन्हा भरली. मग विहिरीवर गेली, तर तिथं दोघी बायका हाच विषय काढून हसत होत्या. उपाशी तोंडाला मांसाची सवय राहिली नाही, असं त्यांचं म्हणणं.

तेवढ्यात मक्याची पोती घेऊन बैलगाडी आली. गाडीवान उत्तरेकडून, आंद्रानोलावाहून, रात्रभर चालून आला होता. त्यानं बैल सोडले, पाणी मागितलं आणि पिण्याआधीच बातमी सांगितली. तिथं परवा कासव खाल्लेलं. आता घरोघर माणसं आडवी आहेत, घसा जळतोय, जिभेवर फोड आलेत, उलट्या थांबत नाहीत. मोठी माणसं झुंजतायत. पण दोन तान्ही पोरं गेली. त्यांनी मांस खाल्लं नव्हतं, आयांचं दूध प्यायली होती. नुसती झोपत गेली, आणि मग उठलीच नाहीत.

“कुठलं होतं कासव?” कुणीतरी विचारलं.

“काळ्या खडकाचं. चोचीचं.”

बायकांनी सुटकेचा श्वास टाकला. त्या पाण्यात काहीतरी पडलं असेल, तिकडच्यांनी कापताना काही चुकवलं असेल. आपलं मोठ्या खडपीचं होतं. मावशीच्या वहीत लिहिलेलंच आहे, असं एक जण म्हणाली आणि सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं.

वोलासोआच्या हातातून कळशी सुटली. सोललेले तळहात तिच्या डोळ्यांपुढं आले, आणि त्यापाठोपाठ नातवाचं लुचणारं तोंड. सकाळ झालेली. पहाटेपासून त्यानं किती वेळा पाजून घेतलं असेल? ती वळली आणि पळत सुटली.

अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, जड अंगाची, मऊ वाळूत पळणार तरी किती? पाय रुतत होते, कापड सुटत होतं. लेकीचं घर गावाच्या पार उत्तर टोकाला. वाटेत मध्यावर लालाओचं दार. लालाओ दारात बसली होती, तोंडाला चंदनाचा पिवळा लेप, आणि मांडीवर सात महिन्यांची पोर, पीत. वोलासोआनं ते बघितलं. नीट बघितलं. लालाओनं हात वर करून काहीतरी विचारलंही. थांबावं असं वोलासोआच्या मनात आलं; पण थांबायचं म्हणजे सांगायचं, सांगायचं म्हणजे समजवायचं, आणि तेवढ्यात तिकडं आणखी दोन घोट जातील. आधी आपलं बघू, येताना हिला सांगू, असं मनाशी म्हणत ती पुढं गेली.

फ्लोरेत चटईवर कुशीवर पडून बाळाला पाजत होती. वोलासोआनं आत शिरल्या शिरल्या बाळाला ओढून घेतलं. ते किंचाळलं. फ्लोरेत उठून बसली आणि आईला वेड लागलं की काय, अशी बघत राहिली.

“पाजू नकोस,” वोलासोआ धापा टाकत म्हणाली. “एक थेंब जाऊ देऊ नकोस.”

तिनं गाडीवानाची बातमी सांगितली. फ्लोरेतनं लगेच स्वतःच्या ओठांना बोट लावून बघितलं. तिचेही ओठ सकाळपासून जळत होते. पण विहीणबाई चुलीपासून उठल्या. नवरा वारल्यावर त्या मांडवावरच्या डोक्यांच्या जोरावर गावात ताठ चालायच्या. लेकाच्या पहिल्या कासवाला कुणी विष म्हणतंय, हे त्यांना सोसणं शक्य नव्हतं.

“याच्या बापानं सत्तावन्न कासवं आणली,” त्या म्हणाल्या. “एकाला वाईट ढेकर आला नाही. पोरीच्या हातात पोर द्या विहीणबाई. उपाशी मारायचंय का त्याला?”

त्यांनी बाळाचा पाय धरला. वोलासोआनं सोडला नाही. दोघी म्हाताऱ्या एका तान्ह्यासाठी ओढाताण करतायत आणि ते मध्ये लाल होऊन रडतंय, अशी शोभा झाली. दारात शेजारपाजार जमला. तोवोन्द्रे शीड वाळत घालायचं सोडून आत आला.

“कुठलं कासव ते, तोवोन्द्रे?”

“सांगितलं की काल. मोठी खडप. लिहिलंत ना तुम्ही?”

“तू बोललास म्हणून लिहिलं. आता माझ्या हातात वही नाही, पोर आहे. याच्याकडं बघ आणि सांग.”

तोवोन्द्रेनं दाराकडं बघितलं. दारात गावातली माणसं होती, कालच त्याच्या पाठीवर थाप मारलेली. दुसऱ्याच्या वहिवाटीतून कासव उचलणं म्हणजे चोरीच, आणि ती आईसमोर कबूल करायची. वोलासोआला त्याची कीवही आली आणि त्याच्या थोबाडीत मारावंसंही वाटलं. काल वाळूवर तिनं एक शब्द जास्त विचारला असता, तर हे आज विचारावं लागलं नसतं.

“उत्तरेला होतो,” तो म्हणाला.

“उत्तरेला कुठं?”

“काळा खडक, आई,” तो स्वतःच्या आईकडं वळून म्हणाला.

विहीणबाईंनी बाळाचा पाय सोडला. चुलीपाशी जाऊन त्या भिंतीकडं तोंड करून बसल्या.

आता पोराला पाजायचं काय? पाजणाऱ्या बायका गावात तिघी. दोघींनी कासव खाल्लं होतं. उरली हाओवा, चिंचांच्या पलीकडं राहणारी, मक्याच्या मुलखातली. बाळाला घेऊन वोलासोआचे पाय तिच्या दारापाशी गेले आणि जड झाले. दोन वर्षांपूर्वी हाओवा नवी लग्न होऊन आली, तेव्हा बायकांनी तिला मुद्दाम होडीत घालून लाटांवर नेलं होतं. ती डोलकाठीला मिठी मारून ओकली होती, रडली होती. तेव्हापासून अख्खं गाव तिला डोलकाठी म्हणायचं. त्या होडीत सुकाणूवर वोलासोआ होती, आणि सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली होती.

“हाओवा,” तिनं हाक मारली.

हाओवा बाहेर आली. कमरेवर तिचं पोर. “आज नाव आठवलं तुम्हाला?” ती म्हणाली.

वोलासोआ वाळूत गुडघ्यांवर बसली. सुनेच्या वयाच्या बाईपुढं बसली. तिनं काय झालं ते सांगितलं, आणि सांगता सांगता तिला रडू आलं, आणि ते तिनं पुसलंही नाही. हाओवा ऐकत होती. तिनं आपलं पोर खाली ठेवलं, हात पुढं केले आणि बाळाला घेतलं. बाळानं आधी तोंड फिरवलं. वास परका होता. हाओवानं थोडं दूध त्याच्या ओठांवर पिळलं, पाठ थोपटली, मक्याच्या मुलखातलं काहीतरी गुणगुणली. मग ते लागलं. वोलासोआ त्याच्या गिळण्याचा आवाज ऐकत राहिली. जिवंत आहे, गिळतंय, एवढंच तिला कळत होतं.

“आणि लालाओच्या पोरीला कोण पाजतंय?” हाओवानं विचारलं.

वोलासोआ उठली. ऊन डोक्यावर आलं होतं. तिच्या लक्षात आलं की आपण लालाओला विसरलो. क्षणभर नाही, सकाळपासून आत्तापर्यंत.

ती गेली. आपलं कासवही काळ्या खडकाचंच होतं, हे उत्तर टोकाहून मध्यापर्यंत अजून पोहोचलं नव्हतं. त्या टोकाचे लोक मांस ओकून काढायला आपापल्या घशात बोटं घालण्यात गुंतले होते. लालाओनं पोरीला तीनदा पाजलं होतं. पोर मांडीवर झोपली होती. आज कशी शहाण्यासारखी झोपली बघा मावशी, असं लालाओ म्हणाली. वोलासोआनं पोरीच्या तळपायाला टिचकी मारली. पाय हलला, पण डोळे उघडले नाहीत.

पुढचे तीन दिवस गाव आडवं होतं. वोलासोआच्या जिभेवर फोड आले, पाणी गिळताना काच गिळल्यासारखं वाटायचं. ती तशीच काठी टेकत लेकीकडून हाओवाकडं आणि हाओवाकडून लालाओकडं फिरत राहिली. फ्लोरेत ओकून ओकून पिवळी पडली, छाती दगडासारखी ताठली, तापानं बडबडू लागली. बाळाचं रडणं कानावर आलं की छातीतून धार लागायची आणि ती स्वतःच्या छातीला शिव्या द्यायची. हाओवा दोन पोरं पाजून सुकत चालली होती. तोवोन्द्रे आपल्या वाट्याचा कसावा तिच्या दारात ठेवायचा आणि तिनं बघायच्या आत निघून जायचा. हाओवानं लालाओच्या पोरीलाही तीन-चार वेळा छातीशी धरलं. पण पोर ओठच मिटत नव्हती. दूध कडेनं ओघळून जायचं.

दुसऱ्या दिवशी लालाओच्या नवऱ्यानं पोरीला कापडात बांधून होडी दवाखान्याकडं काढली. दवाखाना दक्षिणेला दीड दिवसावर. काय खाल्लं ते तिथं सांगावं लागेल, पोलीस येतील, म्हणून काहीजण अडवत होते. त्यानं कुणाचं ऐकलं नाही. पण वाऱ्यानं त्याचं ऐकलं नाही. दोनदा होडी उलटायला आली आणि दुपारी तो भिजून परत आला. तिसऱ्या सकाळी पोर गेली.

पाचव्या दिवशी फ्लोरेतचा ताप उतरला. तिनं पेज मागितली. नातू हाओवाच्या पदराखाली पाय झाडत होता. वोलासोआच्या घरातलं सगळं वाचलं होतं, आणि तिला त्या सुखाचीच भीती वाटत होती. सहा वर्षं गावातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून तिनं ‘जागा?’ म्हणून विचारलं होतं. आता एकाच दारासमोरून जाताना तिची मान वर होत नव्हती. कुणी काही म्हणत नव्हतं. उलट मावशीनं पोर वाचवलं, असंच म्हणत होते. ते ऐकलं की ती वाट बदलायची.

सहाव्या दिवशी ती आपण होऊन लालाओकडं गेली.

लालाओ घरामागं सावलीत बसली होती. तोंडावर लेप नव्हता. छाती ताठून कापड भिजलं होतं, आणि ती एका लाकडी वाटीत दूध पिळून काढत होती. वोलासोआ तिच्यासमोर बसली.

“त्या सकाळी मी तुझ्या दारावरून गेले,” वोलासोआ म्हणाली.

“हो.”

“तू पाजत होतीस. मी बघितलं होतं, लालाओ. मला तेव्हाच माहीत होतं.”

लालाओचा हात थांबला. ती रागानं बघेल, वाटी फेकेल, ओरडेल, या तयारीनं वोलासोआ आली होती. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

“मीही बघितलं तुम्हाला,” लालाओ म्हणाली. “म्हटलं, मावशी एवढ्या धावतायत, फ्लोरेतचं काहीतरी असणार. मदतीला जायला हवं. पोरीला म्हटलं, आधी तुझं पोट गच्च भरू दे बाई, मग जाऊ. दुसऱ्या बाजूलाही घेतलं तिला. एरवी मी एकाच बाजूला पाजायची.”

लालाओ पुन्हा दूध पिळू लागली.

“हे किती दिवस येत राहतं, मावशी?” लालाओनं वाटीकडं बघत विचारलं. “तुम्हाला माहीत असेल.”

“नाही गं. नाही माहीत.”

वाटी भरली होती. वोलासोआनं ती तिच्या हातातून घेतली, कुंपणापाशी नेऊन कुत्र्यांना लागणार नाही अशी वाळू उकरून ओतली आणि वरून वाळू लोटली. मग परत येऊन तिनं उरलेल्या दुधासाठी रिकामी वाटी दोन्ही हातांनी लालाओच्या पुढं धरली.